बोट धरून आलेली लेकरे

वाचनपाठ : मत्तय १:१८–२५, लूक २:४१–५२, रोमकरांस पत्र ८:१४–१७



सुरत शहरातील गोडादरा ह्या वस्तीत मराठी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी लाईनच्या गाडीत बसून ही माणसे आली, उधन्याला उतरली आणि कोणी लूमवर, कोणी डाइंग मिलमध्ये, तर कोणी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कामाला लागले. बारा-बारा तासांची पाळी, भाड्याची खोली, आणि घरी बायकांच्या हाती साड्यांना लेस व टिकल्या लावण्याचे काम, असे तिथले जीवन आहे. अशाच एका घराची गोष्ट आज आपल्यापुढे ठेवायची आहे. नावे सांगण्याची गरज नाही. गोष्ट त्या घराची आहे, तशीच ती आमच्या चुकीचीही आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या घरातली आई गेली. मागे राहिले तिचे पती आणि दोन लेकरे : बारा वर्षांचा मुलगा व सात वर्षांची मुलगी. दीड वर्षाने नवापूरकडच्या एका विधवा भगिनीशी ह्या बंधूंचे लग्न ठरले. तिला आठ वर्षांची एक मुलगी होती. लग्न आम्हीच लावले. वधूवरांना विचारायचे ते सर्व प्रश्न आम्ही रीतसर विचारले, वचने घेतली, आशीर्वाद दिला. मग आनंदाच्या भरात त्या दोन लेकरांना पुढे बोलावले आणि साऱ्या मंडळीसमोर म्हणालो, "बाळांनो, आजपासून हीच तुमची आई." लोकांना गहिवरून आले. कोणी डोळे पुसले.

मुलाने मात्र मान खाली घातली. नंतरचे चार महिने तो उपासनेला आला नाही.

आम्ही त्या दिवशी कोणता प्रश्न विचारला नाही, हे पुढे पुष्कळ दिवसांनी आमच्या लक्षात आले. वराला विचारले, वधूला विचारले, मंडळीला विचारले. ज्या तीन लेकरांचे सारे जग त्या दिवशी बदलत होते, त्यांना एका शब्दाने काही विचारले नाही. आणि वर ज्या मुलाच्या आईला माती देऊन दोन वर्षेही झाली नव्हती, त्याला आम्ही धर्मपीठावरून सांगितले की तुझी आई आता दुसरी आहे.

आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या भाषेत एक शब्द आहे, 'आंगळियात'. आई पुनर्विवाह करून नव्या घरी जाते तेव्हा तिची आंगळी, म्हणजे बोट धरून जे लेकरू तिच्याबरोबर येते, ते आंगळियात. गुजरातचे ख्रिस्ती लेखक जोसेफ मॅकवान यांची १९८६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी ह्याच नावाची आहे; १९८९ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बोलणारे हा शब्द बहुधा हिणवण्यासाठीच वापरतात. पण शब्द नीट पाहिला तर त्यात दिसते ते एक लहान बोट आणि एक मोठे बोट. लेकरू स्वतःच्या इच्छेने त्या वाटेला लागलेले नसते. ज्याचा हात ओळखीचा, त्याचे बोट धरून ते अनोळखी उंबरठा ओलांडते. एवढा विश्वास जे टाकते, त्याला त्या घरात काय मिळते, हा आजचा प्रश्न आहे.

योसेफाचे मौन

पवित्र शास्त्रात ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर नासरेथच्या सुताराच्या घरात मिळते. प्रभूचा जन्म ही देवाची अद्वितीय करणी आहे. तिची बरोबरी आपल्या संसाराशी करावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु योसेफाच्या वागण्याकडे पाहण्याची मोकळीक आपल्याला आहे. जे मूल त्याच्या रक्ताचे नव्हते, त्याला त्याने नाव दिले. त्या मुलाच्या जिवावर बेतले तेव्हा रात्रीच उठून मुलाला व त्याच्या आईला घेऊन तो मिसरात गेला. गावाने त्या मुलाला सुताराचा पुत्र म्हणून ओळखले आणि पुढे स्वतः सुतार म्हणूनही ओळखले. हातातली विद्या त्याला मिळाली, ती ह्याच घरात.

आता लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला प्रसंग पाहा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला. आईबाप तीन दिवस शोधत होते. सापडल्यावर मरीया म्हणाली की तुझा पिता व मी कष्टी होऊन तुझा शोध करीत आलो. मुलाने उत्तर दिले की मी माझ्या पित्याच्या घरी असावे, हे तुम्हांला ठाऊक नव्हते काय? योसेफ तिथेच उभा आहे. ज्याने रात्री जागवल्या, परदेश पाहिला, घाम गाळून पोसले, त्याच्यासमोर मूल दुसऱ्याला 'माझा पिता' म्हणत आहे.

योसेफाने काय उत्तर दिले? काहीच नाही. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द लिहिलेला नाही. त्याने हक्क सांगितला नाही, उपकार काढले नाहीत. आणि शास्त्र पुढे सांगते की मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला.

प्रियजनहो, दुसऱ्याचे लेकरू वाढवणाऱ्याची कसोटी इथे आहे. आपण ज्याला जेवू घालतो, त्याच्या तोंडून 'माझी आई' किंवा 'माझे पप्पा' हे शब्द दुसऱ्या कोणासाठी निघाले, तर ते आपल्याला सोसवतात का? ज्याला ते सोसवतात, त्याच्याबरोबर मूल घरी येते.

याकोबाचा झगा

शास्त्र आपल्याला दुसरे घरही दाखवते. याकोबाच्या घरी चार आयांची मुले एका तंबूंच्या वस्तीत वाढली. बापाचा जीव राहेलीच्या योसेफावर अधिक होता. ते त्याने मनात ठेवले नाही, अंगावर घातले. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात तो झगा आहे. एका मुलाच्या अंगावर तो शोभला आणि दहा मुलांच्या डोळ्यांत खुपला. पुढे तोच झगा रक्तात बुडवून बापाकडे परत आला. बाप बावीस-पंचवीस वर्षे रडला, असे हिशेब करणारे म्हणोत. आम्ही एवढेच म्हणतो की रडण्याचे कापड बापानेच शिवले होते.

सुरतेच्या माणसाला कापडाचे महत्त्व सांगावे लागत नाही. आपल्या खोलीत झगा कोणत्या रूपाने येतो, हे ज्याने त्याने पाहावे. एकाला इंग्रजी माध्यम व दुसऱ्याला महानगरपालिकेची शाळा. एकाच्या ताटात तुकडे व दुसऱ्याच्या ताटात रस्सा. एकाला नवा मोबाईल व दुसऱ्याला "तुझ्या मामाकडे माग" असा टोमणा. मुले मोजत नाहीत असे मोठ्यांना वाटते. मुले सगळे मोजतात.

सर्वांना सारखेच द्या, असेही आम्ही म्हणत नाही. आजारी लेकराला अधिक लागते, परीक्षेला बसलेल्याला अधिक लागते. पण जे अधिक द्यायचे ते गरज पाहून द्यावे आणि ते का दिले हे सर्वांसमोर सांगावे. चोरून दिलेल्या खाऊने ज्याला मिळाला तो बिघडतो व ज्याला मिळाला नाही तो दुखावतो.

देवाने घातलेला कायदा

मायेवर सर्व सोडून देऊ नये, हे देवाला ठाऊक होते. म्हणून अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात (१५–१७) त्याने स्पष्ट नियम घातला : नावडतीचा मुलगा जर ज्येष्ठ असेल, तर आवडतीच्या मुलासाठी त्याचा वाटा कोणी मारू नये. बापाचे मन कोणीकडे झुकते हे देव तिथे विचारीत नाही; वाटा चुकवू नको एवढेच सांगतो. मन वळायला वेळ लागतो. न्याय मात्र पहिल्या दिवसापासून करता येतो.

ह्या दृष्टीने आपल्या मंडळीतील पुनर्विवाहितांनी दोन व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ख्रिस्ती लोकांच्या मिळकतीला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर ह्या कायद्याने मिळकत पत्नीकडे व त्याच्या स्वतःच्या वंशजांकडे जाते. पत्नीने बरोबर आणलेले मूल त्यात येत नाही. ज्याने दहा वर्षे "हे माझेच लेकरू" म्हटले, त्याच्या पश्चात त्या लेकराच्या हाती काहीच येत नाही. दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : ह्याच कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे लग्न केल्याने माणसाचे आधीचे मृत्युपत्र रद्द होते. पहिल्या पत्नीच्या लेकरांसाठी करून ठेवलेला कागद दुसऱ्या लग्नाच्या दिवशी रद्द झालेला असतो. म्हणून लग्नानंतर नवे मृत्युपत्र करावे, त्यात सर्व लेकरांची नावे घालावीत, व ते मोठ्या मुलांना वाचून दाखवावे.

कायद्याने दत्तक घेण्याची वाटही आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ व त्याखालील २०२२ ची दत्तक नियमावली ह्यांनुसार सावत्र आईला किंवा सावत्र वडिलांना जोडीदाराचे मूल दत्तक घेता येते. शेवटचा आदेश जिल्हाधिकारी देतात. मूल पाच वर्षांहून मोठे असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. आम्ही धर्मपीठावर जे विसरलो, ते कायद्याला आठवले, हे वाचून आम्हांला लाज वाटली.

आपल्याच मातीतील दोन घरे

प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. कर्व्यांना कुमारिका वधू मिळाली असती. त्यांनी विधवेशीच लग्न करायचे ठरवले. ती वधू गोदूबाई, पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्न ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात झाले. कर्व्यांच्या मुरूड गावच्या ज्ञातिबांधवांनी ह्या जोडप्यावर बहिष्कार घातला. रघुनाथ त्या वेळी अकरा वर्षांचा होता. ज्या वयात मुलगा सगळे समजतो आणि काही बोलू शकत नाही, ते हे वय. गोदूबाईंना, म्हणजे पुढे ज्यांना सारे बाया कर्वे म्हणू लागले त्यांना, आणखी तीन मुलगे झाले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत राहिले, आणि थोरले रघुनाथराव संततिनियमनाच्या प्रचाराकडे वळले. रघुनाथरावांचे धर्माविषयीचे विचार आपल्याला पटण्याजोगे नाहीत. तरी त्या घरातून एक धडा घेता येतो. दोन आयांच्या चार मुलांना एकाच साच्यात दाबले गेले नाही. ज्याला त्याला आपल्या पायांवर उभे राहता आले. आणि गावाने दार बंद केले म्हणून त्या घराने आपली दारे बंद केली नाहीत. त्यातूनच हिंगण्याला अनाथ स्त्रियांसाठी आश्रम उभा राहिला.

दुसरे घर आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. खानदेशातील धरणगावचा, म्हणजे गोडादऱ्याची मंडळी ज्या तापी लाईनने गावी जातात तिच्यावरचा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण कवी अहमदनगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. टिळकांचे घर ख्रिस्ती, ठोंबरे हिंदू. आणि तो हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली, त्याचे हट्ट सोसले, आणि 'स्मृतिचित्रे' ह्या आपल्या आत्मचरित्रात त्याच्याविषयी घरच्या मुलासारखे लिहिले. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात तो गेला, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. तो आपला झाला तर माया करू, असे लक्ष्मीबाई म्हणाल्या नाहीत. मायेला त्यांनी अट घातली नाही.

घराघरांसाठी चार शब्द

पहिला शब्द : गेलेल्याची आठवण पुसू नका. भिंतीवरची तसबीर काढल्याने मुलाच्या मनातली तसबीर निघत नाही. ती फक्त लपते. आजोळ तोडू नका. ज्या आजीआजोबांची मुलगी गेली, त्यांच्याकडे सुट्टीत नातवंडे धाडा. गाडीभाडे लागले तर मंडळीने द्यावे.

दुसरा शब्द : हाकेसाठी जबरदस्ती करू नका. मूल मावशी म्हणेल, काका म्हणेल, काही दिवस काहीच म्हणणार नाही. हाक मनातून यावी लागते.

तिसरा शब्द : शिक्षा करण्याची घाई नव्याने आलेल्याने करू नये. आधी विश्वास मिळवावा, तोवर रागे भरण्याचे काम सख्ख्या आईने वा बापाने करावे. पण सख्ख्यानेही "तुझी पोरे, माझी पोरे" ही भाषा तोंडातून काढू नये. नवराबायकोचे मतभेद असतील तर ते लेकरे झोपल्यावर बोलावेत, आणि बोलून झाल्यावर दोघांनी मिळून प्रार्थना करावी. बापांनी मुलांना चिडवू नये, नाहीतर त्यांची मने खचतात, असे पौल कलस्सैकरांस लिहितो (३:२१). खचलेल्या मनाचे मूल ओरडत नाही. म्हणून ते शहाणे झाले असे मोठ्यांना वाटते.

चौथा शब्द कठीण आहे, पण सांगितलाच पाहिजे. एखाद्या घरात मुलाला मारहाण होत असेल, किंवा मुलीला कोणाचा स्पर्श नको वाटत असेल, तर घराण्याच्या नावासाठी वा मंडळीच्या नावासाठी ते झाकू नका. मुलाचे ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन रात्रंदिवस चालू असतो. लहानांपैकी एकाला अडखळण करणाऱ्याविषयी प्रभू किती कठोरपणे बोलला, ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात वाचावे.

आणि मंडळीसाठीही एक शब्द. 'सावत्र' हा शब्द आपण बोलतो त्याहून अधिक डोळ्यांनी दाखवतो. मुलगा बारीक दिसला की आपण नव्या आईकडे पाहतो. तो तापाने बारीक झाला असेल असे मनात येत नाही. संडे स्कूलमध्ये "ही खरी बहीण का?" असे विचारतो. मुरूडकरांनी उघड बहिष्कार घातला. आपण चहा पिता पिता घालतो.

त्या खोलीत पुढे काय झाले

चार महिन्यांनी आम्ही गोडादऱ्याच्या त्या खोलीवर गेलो. मुलगा शाळेत होता. ती भगिनी साडीला लेस लावीत बसली होती. तिने आम्हांला एक गोष्ट दाखवली. लग्नाच्या वेळी नातेवाइकांनी पहिल्या पत्नीच्या वस्तू ट्रंकेत भरून माळ्यावर टाकल्या होत्या. आवरताना तिला त्यात एक जुने पवित्र शास्त्र मिळाले. पहिल्या पानावर दोन्ही मुलांच्या जन्मतारखा आईच्या अक्षरात लिहिलेल्या होत्या. तिने ते पुसून स्वच्छ केले, टेबलावर ठेवले, आणि मुलाला सांगितले, "हे तुझ्या आईचं आहे. ह्याला दुसरं कोणी हात लावणार नाही." मग तसबीरही भिंतीवर परत लावली. त्या रात्री मुलगा पहिल्यांदा तिच्यासमोर रडला.

त्यानंतरच्या रविवारी तो उपासनेला आला. आम्ही त्याला बाजूला घेऊन म्हणालो की आमचे चुकले, तुला विचारायला हवे होते. तो काही बोलला नाही. मान हलवली.

तो आजही तिला मावशीच म्हणतो. एकदा आम्ही हे तिच्याजवळ काढले, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, पाळकसाहेब. आधी हाकच मारत नव्हता. आता शाळेतून आल्यावर दारातूनच ओरडतो, मावशी, भूक लागली. मला पुष्कळ आहे." आणि त्या जुन्या शास्त्राच्या पहिल्या पानावर आता तिसरी जन्मतारीख आहे, तिच्या मुलीची. ती त्या मुलाने स्वतः लिहिली. कोणी सांगितले नव्हते.

प्रियजनहो, त्या पानाकडे पाहताना आम्हांला आपलेच नाव आठवले. देवाच्या घरात आपण तरी कोण होतो? पौल रोमकरांस व इफिसकरांस लिहितो की आपल्याला दत्तकपण मिळाले आहे. त्या घराचा औरस पुत्र एकच. त्याला वाटा राखून ठेवायचा असता तर आपण अंगणातही उभे राहिलो नसतो. पण त्यानेच आपल्या हाताने आपली नावे त्या पानावर घातली, आणि इब्री लोकांस पत्रात (२:११) म्हटल्याप्रमाणे आपल्याला भाऊ म्हणायची त्याला लाज वाटली नाही. आपण सारीच बोट धरून आलेली लेकरे आहोत. ज्याला हे कळले, त्याने दुसऱ्याच्या लेकराला दारात उभे ठेवू नये.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्या घरांत दोन घरांची लेकरे एका छपराखाली झोपतात, त्या घरांवर तुझा हात असू दे. आयांना धीर दे, बापांना योसेफाचे मौन व त्याचे कष्ट दे. लेकरांना त्यांच्या दुःखाला पुरेल एवढा वेळ दे. आणि आम्ही पाळकांनी घाईने बोललेले शब्द क्षमा कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.